अर्धी पाण्यात, अर्धी पाण्यावर: फोमची माशी बांधताना आणि टाकताना

वळवाचा किंवा मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, की दिवेलागणीला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात आणि बाभूळ, कडुनिंबावर जमतात. त्याच दिवसांत वाळवीचे पंखवाले किडेही उडतात. नाशिकजवळच्या गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांच्या काठावर झाडे पाण्यालगत आहेत, तिथे यातले बरेच किडे वाऱ्याने पाण्यात पडतात. सप्टेंबरपासून काठच्या गवतातले नाकतोडे त्यांची जागा घेतात. पाण्यावर धडपडणारा किडा माशाला फार कष्ट न करता मिळतो. फोमची माशी म्हणजे मासे पकडण्यासाठी गळावर बांधलेली त्याचीच नक्कल. पण ती हुबेहूब किड्यासारखी दिसण्यापेक्षा पाण्यावर कशी बसते, हे जास्त महत्त्वाचे आहे. बांधणीतली प्रत्येक गोष्ट त्यासाठीच करायची असते.

हे समजण्यासाठी माशाच्या जागेवरून वर पाहावे लागते. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे माशाला बाहेरचे सगळे जग डोक्यावरच्या सुमारे 97 अंशांच्या शंकूत गोळा झालेले दिसते. पृष्ठभागावर या गोल खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या साधारण सव्वादोन पट असतो. 40 सेंटिमीटर खाली असलेल्या माशाची खिडकी जेमतेम 90 सेंटिमीटरची. तिच्या बाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो, त्यात तळाचे प्रतिबिंब असते. त्या आरशाला भेदून जे आत येते तेवढेच माशाला दुरून दिसते: पोट, पाय आणि पायांनी पाण्याला पाडलेले खळगे. माशीची पाठ कितीही सुंदर रंगवली तरी ती तुम्हालाच दिसणार. म्हणून पाठीवर आपल्याला लांबून दिसेल असा नारिंगी तुकडा लावावा आणि पोट गडद ठेवावे. आकाशाच्या उजेडात खालून गडद आकृती ठळक उठते.

आता साहित्य. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी 2 मिलिमीटर जाडीची ईव्हीए फोम शीट, काळी किंवा तपकिरी. या फोममधले हवेचे कप्पे बंद असतात, त्यामुळे तो पाणी पीत नाही. भांडी घासायचा स्पंज किंवा गादीचा फोम चालत नाही, त्यातले कप्पे एकमेकांना जोडलेले असतात आणि तो भिजून बुडतो. बारीक तारेचा 10 नंबरचा गळ (नंबर जितका मोठा तितका गळ लहान), पॉलिएस्टर शिलाई दोरा, ॲक्रिलिक लोकरीचा एक पदर, बारीक रबरी धागा आणि झटपट चिकटणारा डिंक एवढे पुरते. खरी लोकर किंवा सूत वापरू नये, ते पाणी धरून ठेवते. गळ पकडायला छोटा व्हाइस नसेल तर पकडीत धरून तिच्या मुठींना रबर बँड गुंडाळावा. सुरुवातीलाच गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. मासा सोडायला सोपे जाते, आणि बोटात घुसलेला गळही सहज निघतो.

फोमची 5 मिलिमीटर रुंद, 3 सेंटिमीटर लांब पट्टी कापून एक टोक निमुळते करावे. गळाच्या दांड्यावर दोऱ्याचे वेढे एकाला एक लागून घ्यावेत. गुळगुळीत तारेवर फोम थेट बांधला तर तो फिरतो. माशी पाण्यात आडवी पडण्याचे किंवा तंगूसला पीळ पडण्याचे हे नेहमीचे कारण. वेढ्यांवर डिंकाचा एक थेंब लावून निमुळते टोक गळाच्या वळणापाशी बांधावे, उरलेली पट्टी मागे मोकळी सोडावी. पहिले दोन वेढे नुसते टेकवायचे, तिसऱ्यापासून हळूहळू आवळायचे. सुरुवातीलाच ओढले तर दोरा फोम कापतो, आणि फार आवळला तर कप्पे चिरडून माशीची तरंगण्याची ताकद जाते. त्याच ठिकाणी लोकरीचा पदर बांधून तो पुढे गुंडाळत न्यावा. गळाच्या डोळ्यापासून, म्हणजे तंगूस ओवायच्या भोकापासून, 3 मिलिमीटर आधी थांबावे. मग फोमची पट्टी पाठीवरून पुढे दुमडून तिथेच बांधावी. दोन्ही बाजूंना रबरी धाग्याचा एकेक तुकडा मधोमध बांधला की चार पाय होतात. प्रत्येक पाय दीड सेंटिमीटरच्या आसपास असावा. फार लांब पाय गळाला गुंडाळतात. पाठीवर नारिंगी फोमचा कण बांधावा, पुढे 3 मिलिमीटर फोम डोके म्हणून ठेवून बाकीचा कापावा, डोक्याखाली चार गाठी मारून डिंक लावावा. गळाच्या डोळ्यात डिंक गेला तर तो लगेच सुईने मोकळा करावा.

या माशीत साधारण 0.18 घनसेंटिमीटर फोम असतो. तो पूर्ण बुडाला तर 0.18 ग्रॅम पाणी बाजूला सारतो. गळ, दोरा, लोकर आणि खुद्द फोम यांचे वजन याहून बरेच कमी भरते, म्हणून ती तरंगते, पण पोट पाण्यात ठेवून. नवखे लोक जास्तीचा फोम घालतात. मग माशी होडीसारखी वर बसते, पोट आरसा भेदत नाही, आणि फोमने गळाचे तोंड भरल्यामुळे मासा येऊनही लागत नाही. फोमचा खालचा भाग आणि गळाचे टोक यांच्यात निदान निम्मी जागा मोकळी हवी.

टाकण्यासाठी फ्लाय रॉड (अशा माशीसाठीची खास काठी) असेल तर 5 नंबरचा, 9 फुटी पुरे. नसेल तर बांबूच्या काठीला काठीइतकेच तंगूस बांधून माशी काठाशी अलगद ठेवता येते. झुडपांजवळ ही पद्धत सर्वांत चांगली. साध्या रीळवर लांब टाकायचे असेल तर अर्धा पाण्याने भरलेला पारदर्शक फ्लोट आणि पुढे सव्वा मीटर तंगूस. 0.20 मिलिमीटरचे नायलॉन घ्यावे. फ्लुओरोकार्बन त्याहून जड असल्याने माशीला खाली ओढते. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करावी, कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होते. माशी पडल्यावर वलये विरेपर्यंत हलवू नये. मग पाच सेंटिमीटरचा एक झटका, पुन्हा थांबा. चिलापी बहुतेकदा या थांबण्यातच घेते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, म्हणून किडे पूर्व काठाला जमतात. तिथे बसून किंवा वाकून टाकावे, उभा माणूस त्या खिडकीत लवकर दिसतो.

प्रत्येक माशाची गोष्ट वेगळी. चिलापीचे तोंड लहान, तिला 10 किंवा 12 नंबर. ती माशी हलकेच ओढून घेते, तेव्हा नुसती काठी उचलावी. तोंडात अंडी सांभाळणारी मादी त्या काळात खात नाही, त्यामुळे घरटी दिसूनही मासे येत नसतील तर आश्चर्य नको. अळकूट या छोट्या रुपेरी माशांसाठी 16 नंबरवर 3 मिलिमीटर रुंद पट्टी. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, पण तो मुख्यतः पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्यामागे ही माशी घेऊन वेळ घालवू नये. मृगळ तळाशी चरतो.

मरळीला 1/0 नंबरचा मोठा, मजबूत गळ आणि 6 मिलिमीटर जाड फोम हवा, तंगूस निदान 10 किलोचे. ती हवेतला श्वास घ्यायला अधूनमधून वर येते. पाणवनस्पतींच्या कडेला तो बुडबुडा दिसला की त्याच्या थोडे पुढे टाकावे. तिने घेतल्यावर लगेच ओढले तर माशी रिकामी येते. एक-दोन म्हणेपर्यंत थांबून मग जोरात ओढावे. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका वर दिसला तर तिथे माशी टाकूच नये. राखणीला असलेली मरळ कशावरही धावते, म्हणून ती सहज सापडते, आणि ती गेली की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. महाशीर लागला तर पाण्यातच गळ काढून सोडून द्यावा.

धरणांत मासेमारीचे हक्क बहुधा स्थानिक मच्छीमार संस्थांकडे असतात, आधी परवानगी घ्यावी. नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आहे आणि रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), तिथे गळ नेऊ नये. धरणाखालच्या पात्रात विसर्गाचा भोंगा ऐकू आला की सामान सोडून वर यावे. निफाड, दिंडोरीच्या शेततळ्यांत मालकाला विचारूनच जावे. प्लास्टिकच्या अस्तराचा उतार इतका निसरडा असतो की पोहणाऱ्यालाही बाहेर येणे जमत नाही. काठाला दोर बांधलेला हवा आणि एकट्याने जाऊ नये. गळ अस्तरात अडकला तर ओढू नये, तंगूस कापावे. एका भोकाने तळे रिकामे होते.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी पडली की किडे कमी होतात आणि चिलापी खोल जाते. तेव्हा पहाटे उठण्याऐवजी दुपारी बारा ते तीन उथळ, उन्हाने तापलेल्या पाण्यात ही माशी टाकावी.