भारसंतुलन (वितरित संगणन)

वितरित प्रणालीत, म्हणजे जाळ्याने जोडून एकत्र काम करणाऱ्या संगणकांत, एका संगणकापुढे कामांची रांग साचावी आणि दुसरा रिकामा बसावा, असे होऊ नये म्हणून केलेली कामांची वाटणी. ‘भारवाटप’ हा शब्दही रूढ आहे. काही लेखक मात्र भारवाटपात कोणताही संगणक रिकामा न ठेवणे एवढेच धरतात, तर भारसंतुलनात सर्वांवरचा भार सारखा करणे. विजेच्या ‘भारनियमना’शी याची गल्लत नको, नागपूरकराला तो शब्द अधिक ओळखीचा. संगणकांतही आवाक्याबाहेरच्या विनंत्या नाकारल्या जातात, पण तो शेवटचा उपाय होय.

राउंड रॉबिन, म्हणजे पाळीपाळीने काम देणे, ही सर्वपरिचित पद्धत. पुढील भाराचा अंदाज न घेता दोन संगणक यदृच्छया निवडून त्यांतील कमी भाराच्या संगणकाला काम देण्याची युक्ती अधिक चर्चिली गेली. तिचे श्रेय कोणाचे, याविषयी एकवाक्यता नाही. ईगर, लाझोव्स्का व झाहोर्यान यांनी १९८६ मध्ये दाखविले, की मोजक्याच यंत्रांची चौकशी करणारी साधी धोरणे गुंतागुंतीच्या धोरणांच्या जवळपास पोचतात. कार्प, लूबी व मायर आउफ डर हायडे यांच्या १९९२ च्या समांतर संगणनावरील लेखात दोन हॅश फलने (नोंदीवरून ठरावीक पण विखुरलेला क्रमांक काढणारी गणिती सूत्रे) वापरण्याची कल्पना येते. स्पष्ट सिद्धता आझर, ब्रोडर, कार्लिन व अपफाल यांनी १९९४ मध्ये दिली: कामांची व संगणकांचीही संख्या ‘न’ असून कामे यदृच्छया टाकल्यास एका संगणकावरचा सर्वाधिक भार साधारण ‘लॉग न भागिले लॉग लॉग न’ (लॉग म्हणजे लॉगॅरिथम) इतका होतो, तर दोनांतून निवडल्यास ‘लॉग लॉग न’च्या पटीत राहतो. रांगांच्या प्रतिमानासाठी असेच निष्कर्ष मिट्झेनमाकर यांनी, आणि स्वतंत्रपणे रशियन गणितज्ञांच्या गटाने, १९९६ च्या सुमारास मांडले. निरीक्षण १९८६ चे आणि सिद्धता १९९४ ची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

काम कोणी हलवायचे, हा दुसरा प्रश्न. नागपूरच्या कळमना बाजारात ट्रक आल्यावर हमालांना हाक मारावी, की मोकळ्या झालेल्या हमालानेच ट्रक शोधावा? ईगर, लाझोव्स्का व झाहोर्यान यांच्याच दुसऱ्या लेखानुसार भार हलका वा मध्यम असताना पहिली रीत सरस ठरते, भार जड असताना दुसरी. मात्र काम हलविण्याचा खर्च दोहोंत सारखा हवा. दुसऱ्या रीतीचे ‘वर्क स्टीलिंग’ (मोकळ्या यंत्राने दुसऱ्याच्या रांगेतले काम उचलणे) हे रूप बर्टन व स्लीप यांच्या १९८१ च्या लेखात आढळते. ब्लूमॉफ व लायझरसन यांनी १९९४ मध्ये तिचे गणिती विश्लेषण केले.

कामांप्रमाणे साठवलेली माहितीही वाटावी लागते. तेव्हा नोंदीचा हॅश-क्रमांक संगणकांच्या संख्येने भागून बाकीवरून तिचा संगणक ठरवला, तर एक यंत्र वाढताच जवळपास सर्व नोंदींची जागा बदलते. कार्गर व सहकाऱ्यांच्या १९९७ च्या सुसंगत हॅशिंगमध्ये साधारण नव्या यंत्राच्या वाट्याएवढ्याच नोंदी हलतात.