पानामागचं चित्र दिसत नाही? आम्हाला फोन करण्याआधी हे पाहा

(आपली वेबसाइट स्वतः अपडेट करणाऱ्या ग्राहकांसाठी)

मजकुरात टाकलेला फोटो आला नाही, तर ब्राउझर निदान त्या जागी फाटक्या चित्राची खूण तरी दाखवतो. बॅकग्राउंडचं चित्र आलं नाही तर मात्र तो अवाक्षर काढत नाही. मागे नुसती पांढरी जागा उरते. त्यावर तुम्ही पांढऱ्या अक्षरांत शीर्षक दिलेलं असेल तर तेही गडप. मग आम्हाला फोन येतो, ‘साइट उडाली!’ साइट जागच्या जागी असते, फक्त एक फाइल पोचलेली नसते.

पुष्कळ जण अशा वेळी तेच चित्र पुन्हा पुन्हा अपलोड करत बसतात. एकदा केलंत तर हरकत नाही. तिसऱ्यांदा करायची वेळ आली, तर दोष चित्रात नाही असं खुशाल समजा.

आधी एवढंच शोधा: चित्र आलंच नाही, की येऊनही दिसत नाही?

कॉम्प्युटरवर ते पान उघडा आणि एफ-१२ दाबा. (काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं.) पडद्याच्या कडेला किंवा खाली एक पॅनेल उघडेल. ते पाहून दचकू नका, तिथे नुसतं बघितल्याने काही बिघडत नाही. त्यात ‘नेटवर्क’ नावाचा टॅब आहे. तो निवडून पान रीलोड करा. क्रम हाच ठेवा, कारण पॅनेल उघडण्याआधी आलेल्या फाइलींची नोंद तिथे नसते. आता यादीत आपल्या चित्राचं नाव शोधा. नावापुढे ४०४ असेल, तर ब्राउझरला सांगितलेल्या पत्त्यावर फाइल मिळालेली नाही. २०० असेल, तर फाइल आली आहे आणि भानगड पुढे आहे. (रीलोडनंतर कधी ३०४ दिसतं. त्याचा अर्थ आधीच जपून ठेवलेली प्रतच वापरली, तेव्हा तेही २०० सारखंच धरा.) आणि नावच नसेल, तर ब्राउझरने ते चित्र मागितलेलंच नाही.

या तीन वाटा एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत. चुकीच्या वाटेवर अख्खी दुपार जाते, हे आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

४०४: पत्ता चुकला

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हे दुखणं सगळ्यांत जास्त. मूळ कारण एकच असतं: पत्ता कुठून मोजायचा, याचा घोळ.

जुन्या पद्धतीत बॅकग्राउंडचा पत्ता पानाच्या बॉडी टॅगमध्येच (म्हणजे पानाच्याच कोडमध्ये) लिहीत, त्यामुळे तो पानापासून मोजला जाई. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची (पानाचं रंगरूप सांगणाऱ्या भाषेची) पहिली आवृत्ती आली आणि रंगरूपाच्या सूचना वेगळ्या फाइलीत ठेवायची सोय झाली. त्या फाइलीत लिहिलेला पत्ता त्या फाइलीपासून मोजला जातो, पानापासून नाही. ‘डावीकडे वळा, दुसरं दार’ हे सांगणं ऐकणारा कुठे उभा आहे त्यावर अवलंबून असतं, तसंच हे.

समजा, साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘इमेजेस’ आणि ‘सीएसएस’ असे दोन फोल्डर आहेत. सीएसएसच्या फाइलीत तुम्ही नुसतं ‘इमेजेस, तिरकी रेघ, फाइलचं नाव’ असं लिहिलंत, तर ब्राउझर ‘सीएसएस’ फोल्डरच्या आत ‘इमेजेस’ शोधतो. तिथे ते नाही. आधी एक पायरी वर यावं लागतं, म्हणून सुरुवातीला दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ हवी. याहून सोपा उपाय म्हणजे पत्त्याची सुरुवातच तिरक्या रेघेने करायची. मग तो थेट साइटच्या मुळापासून मोजला जातो आणि सीएसएसची फाइल कुठेही हलवली तरी बिघडत नाही. साइट स्वतःच्या डोमेनवर असेल तर आम्ही हेच सुचवतो.

तुमच्या कॉम्प्युटरवर चित्र दिसतं आणि सर्व्हरवर गेल्यावर नाही, असं असेल तर आधी कॅपिटल-स्मॉल अक्षरं तपासा. विंडोज आणि मॅक एरवी त्यात भेद करत नाहीत, पण बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला तो फरक चालत नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलीच्या नावाशेवटचं जेपीजी बऱ्याचदा कॅपिटलमध्ये असतं, आपण लिहितो स्मॉलमध्ये. डोळ्यांना एकच, सर्व्हरला दोन. फाइलींची नावं रोमन लिपीत, सगळी स्मॉल, मधे जागा न सोडता आडवी रेघ देऊन ठेवायची सवय लावून घ्या. निम्मी कटकट तिथेच संपते.

वर्ड किंवा चॅटमधून कोड कॉपी केला असेल तर अवतरणचिन्हंही पाहा. तिथली वळणदार चिन्हं ब्राउझरला अवतरणचिन्हं वाटतच नाहीत, ती तो फाइलच्या नावाचाच भाग समजतो. ४०४ च्या पत्त्यात नावाच्या मागेपुढे टक्क्याची चिन्हं आणि अगम्य अक्षरं दिसली, तर बहुधा हेच झालेलं असतं.

आता आमची एक फजिती. एकदा आम्ही साइट चढवली, आमच्याकडे झकास दिसली, ग्राहकाकडे वरचा पट्टा कोरा. सगळं तपासून झालं. शेवटी कळलं, चित्राच्या पत्त्यात ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे ‘हाच कॉम्प्युटर’) राहून गेलं होतं. म्हणजे आमचा कॉम्प्युटर ते चित्र स्वतःकडूनच मागून घेत होता, आणि जगातला दुसरा कुठलाही कॉम्प्युटर ते स्वतःकडे शोधून हात हलवत परत येत होता. तेव्हापासून नवी साइट आम्ही आधी मोबाइल डेटावर, वायफाय बंद करून पाहतो. तुम्हीही पाहा.

४०४ ऐवजी ४०३ दिसलं तर फाइल आहे, पण द्यायला मनाई आहे. एक तर फाइल कोणी वाचायची हे ठरवणारी सर्व्हरवरची परवानगी चुकली आहे (ती आकड्यांत लिहितात, सहसा फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ असते), नाहीतर चित्र दुसऱ्याच्या साइटवरून उचललं आहे आणि त्यांनी दार लावून घेतलं आहे. दुसऱ्या प्रकारात परवानगी असलेलं चित्र स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणं हाच मार्ग.

२०० आहे, तरी दिसत नाही

इथे बहुतेकदा चौकटीला उंचीच नसते. बॅकग्राउंड म्हणजे भिंतीवरचा रंग. भिंतच नसेल तर रंग कशाला लावणार? आत मजकूर नसलेली चौकट शून्य उंचीची असते, आणि मागचं चित्र कितीही मोठं असलं तरी ते तिला ताणत नाही. एफ-१२ च्या पॅनेलमधल्या ‘एलिमेंट्स’ टॅबमध्ये (फायरफॉक्समध्ये ‘इन्स्पेक्टर’) त्या चौकटीच्या ओळीवर माउस नेला की तिचं माप दिसतं. १३६६ गुणिले ० असं दिसलं की निदान झालं. उपाय म्हणजे किमान उंची देणं, ‘मिन-हाइट’ ४०० पिक्सेल वगैरे. ‘हाइट’ १०० टक्के लिहून भागेल असं वाटतं, पण ते टक्के बाहेरच्या चौकटीच्या उंचीचे असतात. तिलाच उंची ठरवून दिलेली नसेल, तर ती सूचना नसल्यातच जमा.

उंची ठीक असेल तर चित्रावर दुसरी रंगीत चौकट बसली आहे का ते पाहा. ‘झेड-इंडेक्स’ (कोणती चौकट पुढे, कोणती मागे हे ठरवणारा आकडा) उणे केल्यावर चित्र बाहेरच्या चौकटीच्या रंगामागे जाऊन बसतं, हा त्यातला नेहमीचा प्रकार.

आणि फाइलचा प्रकार. आयफोनचे फोटो एचईआयसी या प्रकारात येतात. क्रोम आणि फायरफॉक्स ते दाखवत नाहीत. नाव बदलून शेवटी जेपीजी लावल्याने आतला माल बदलत नाही, फोटो ॲपमधून जेपीजी म्हणून एक्स्पोर्ट करावा लागतो.

यादीत नावच नाही

‘एलिमेंट्स’ टॅबमध्ये चौकटीवर क्लिक करा, बाजूला तिला लागू असलेल्या सूचना दिसतील. ‘बॅकग्राउंड-इमेज’च्या ओळीवर काट मारलेली असेल, तर दुसऱ्या कुठल्या तरी सूचनेने तिला उडवलं आहे. संशयित ठरलेला आहे: त्याच चौकटीसाठी नंतर लिहिलेली ‘बॅकग्राउंड: पांढरा’ अशी संक्षिप्त ओळ. ही ओळ रंग देते आणि न सांगता चित्रही काढून टाकते. फक्त रंग हवा असेल तर ‘बॅकग्राउंड-कलर’ लिहा.

ओळीशेजारी पिवळा त्रिकोण असेल तर लिहिण्यात चूक आहे. फाइलच्या नावात जागा किंवा कंस असेल आणि भोवती अवतरणचिन्हं नसतील, तर ब्राउझर ती अख्खी ओळ टाकून देतो. एकच फोटो दुसऱ्यांदा डाउनलोड केला की नावाला कंसात आकडा चिकटतो, तोच हा कंस. ओळ कुठेच दिसत नसेल, तर तिच्या आधीच्या सूचनेचा महिरपी कंस बंद करायचा राहिला असेल.

फक्त काही ठिकाणीच दिसत नाही

तुम्हाला जुनं चित्र आणि इतरांना नवं दिसत असेल, तर ती ब्राउझरने जपून ठेवलेली प्रत. कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबा (मॅकवर कमांड, शिफ्ट आणि आर). ग्राहकांना सगळ्यांनाच असं दाबायला सांगता येत नाही, म्हणून चित्र बदलताना फाइलचं नावही बदलावं.

एखाद्यालाच दिसत नसेल तर त्याचा ॲड-ब्लॉकर पाहा. ‘ॲड-बॅनर’सारखं नाव दिसलं की काही ब्लॉकर ते चित्र जाहिरात समजून अडवतात.

प्रिंटमध्ये बॅकग्राउंड येत नाही हा बिघाड नाही. शाई वाचावी म्हणून ब्राउझर ते मुळातच वगळतात, प्रिंटच्या खिडकीत ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’वर टिक करा.

फोनवर उशिरा येणारं चित्र बहुधा थेट कॅमेऱ्यातून आलेलं असतं. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा फोटो उलगडला की मेमरीत सुमारे ४८ एमबी जागा खातो, फाइल कितीही छोटी दिसो. रुंदी १९२० पिक्सेलपर्यंत आणली तर पट्ट्यासाठी पुष्कळ होते.

एक गोष्ट मात्र आजच करून टाका, चित्र दिसत असलं तरी: चित्राच्या जोडीला त्याच्याशी मिळताजुळता गडद ‘बॅकग्राउंड-कलर’ द्या. चित्र आलं नाही तरी वरची पांढरी अक्षरं वाचता येतील. आणि दुकानाची वेळ, फोन नंबर असं काही चित्रातच लिहून बॅकग्राउंडला लावू नका. दृष्टिहीनांचा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही.

तरीही जमलं नाही तर

आम्हाला तीन गोष्टी पाठवा: पानाचा पूर्ण पत्ता, कोणत्या फोनवर किंवा ब्राउझरमध्ये दिसत नाही ते, आणि ‘नेटवर्क’ टॅबचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट असेल तर सहसा पहिल्याच उत्तरात काम होतं. पासवर्ड पाठवू नका. लागलंच तर आमच्यासाठी तात्पुरतं वेगळं खातं कसं उघडायचं ते आम्ही सांगू, आणि काम झालं की ते बंद करायची आठवणही करू.