आधारगटामुळे आयुष्य वाढते का?

कर्करोगाच्या आधारगटात, म्हणजे रुग्ण एकत्र बसून आपले अनुभव बोलतात अशा गटात, गेल्याने आयुष्य वाढते, ही समजूत १९८९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासातून पसरली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी शरीरात पसरलेला स्तनकर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांपैकी गटात बसणाऱ्या सरासरी जवळपास दुप्पट काळ जगल्याचे नोंदवले होते. मात्र २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, २३५ स्त्रियांवरील कॅनडातील चाचणीत आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, खुद्द स्पीगल यांनी नव्या रुग्णांवर केलेल्या फेरचाचणीतही एकूण आयुर्मान वाढलेले दिसले नाही. म्हणजे मनाला आधार मिळाल्याने आयुष्य वाढते, हे सिद्ध झालेले नाही; त्यामुळे आजार बळावलेल्या रुग्णाला ‘तू मन खंबीर ठेवले नाहीस’ असा बोल लावणे हा निव्वळ अन्याय आहे. कॅनडातील चाचणीत मानसिक त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या, विशेषतः आधीच खचलेल्या स्त्रियांच्या. केमोने गेलेली तोंडाची चव, पुढच्या स्कॅनची धास्ती, हे सोसलेल्यांपाशी बोलण्यासाठी गटात जरूर जावे.