संख्या शोधू नका, शक्यता मोजा

नागपूरच्या गाड्यांवर तीन आरटीओ कोड दिसतात: शहराचे ३१ आणि ४९, ग्रामीणचा ४०. यांतला एक ओळखायचा आहे. पहिलं विधान: अंकांची बेरीज ४ आहे. दुसरं: कोड विषम आहे. पहिल्यावर ३१ आणि ४० उरतात, दुसऱ्यावर ३१ आणि ४९. दोन्ही एकत्र घेतली की फक्त ३१.

स्पर्धा परीक्षेतला ‘माहिती पुरेशी आहे का?’ हा प्रश्न असाच तपासायचा. दुसरं विधान वाचताना पहिल्यातलं काहीही गृहीत धरायचं नाही. दोन्ही एकेकटी अपुरी ठरली तरच ती जोडायची.

सीताबर्डी-धरमपेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्यांना एक नियम पाठ असतो: दोन चल, तर समीकरणंही दोन हवीत. अंकांच्या प्रश्नात तो दगा देतो. अंक ० ते ९ मधलेच असतात आणि दोन अंकी संख्येत दशकस्थानी शून्य येत नाही, या दोन न सांगितलेल्या अटी बरंच काम करून जातात. ‘दशकाचा अंक एककाच्या पाचपट आहे’ एवढंच दिलंय. एकक १ असेल तर ५१. एकक २ धरला तर दशक १० होतो, बाद. ० धरला तर दशकही ०, तोही बाद. एकाच विधानात संख्या पक्की! ‘पाचपट’च्या जागी ‘चौपट’ असतं तर ४१ आणि ८२ दोन्ही उरले असते.

याहून अवघड सापळा म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणं. पहिलं विधान: अंकांची अदलाबदल केली की दोन अंकी संख्या २७ ने कमी होते. दुसरं: दशकाचा अंक एककापेक्षा ३ ने मोठा आहे. आता मांडून पाहा. मूळ संख्या १०क्ष + य, उलटी १०य + क्ष, वजाबाकी ९(क्ष − य). ती २७ असेल तर क्ष − य = ३. म्हणजे दुसऱ्या विधानाने नवीन काहीच दिलं नाही. ४१, ५२, ६३, ७४, ८५, ९६ सगळ्या बसतात. उलटी संख्या ०३ चालत असेल तर ३० सुद्धा. दोन्ही मिळूनही माहिती अपुरीच. दुसरं विधान ‘अंकांची बेरीज ९’ असतं तर ६३ ठरली असती. मात्र पहिल्यात नुसतं ‘अंकांमधला फरक ३’ असतं, तर ३६ सुद्धा शिल्लक राहिली असती. म्हणून कोणता अंक मोठा, हे शब्दांत नीट शोधावं.

‘हो की नाही’ विचारणाऱ्या प्रश्नात तर संख्या सापडायचीही गरज नसते. नागपूरच्या पिनकोडसारखी ४४० ने सुरू होणारी सहा अंकी संख्या घ्या. तिला ९ ने नि:शेष भाग जातो का? ‘शेवटच्या तीन अंकांची बेरीज १’ कळलं की ४४०००१, ४४००१०, ४४०१०० यांतली कोणती ते कळत नाही, पण एकूण बेरीज ९ असल्याने उत्तर ‘हो’. बेरीज २ दिली तर उत्तर ठाम ‘नाही’, आणि ठाम ‘नाही’ मिळालं तरी विधान पुरेसंच असतं. इथे कित्येक जण गुण घालवतात. अपुरं कोणतं? ‘शेवटचा अंक १’. कारण ४४०००१ ला भाग जातो, ४४००११ ला जात नाही.