चार दाढा आणि अख्खा अटलांटिक

पेरूच्या अ‍ॅमेझॉन जंगलात, ब्राझीलच्या सीमेजवळ सांता रोसा म्हणून एक जागा आहे, तिथे नदीकाठी चार बारीकशा दाढा मिळाल्या. बस, चारच. 2020 मध्ये त्यावरचा पेपर आला, प्राण्याचं नाव ठेवलं युकायालिपिथेकस, आणि गंमत बघा, त्या दाढांची ठेवण जुळली पॅरापिथेसिड या नामशेष घराण्यातल्या माकडांशी, जी तोवर फक्त आफ्रिकेतच सापडत होती!

एवढ्याशा दाढेवरून हे कळतं कसं? तर इनॅमल, म्हणजे दातावरचं कवच, हा शरीरातला सगळ्यात टणक भाग, हाडं कुजतात पण दात टिकतो, आणि त्यावरचे उंचवटे, खाचा प्रत्येक घराण्याच्या वेगळ्या. दाढेच्या मापावरून प्राणी केवढा तेही काढता येतं, हे माकड साधारण 350 ग्रॅमचं.

प्रायमेटचा, म्हणजे माकडं, लेमूर आणि आपण माणसं ज्यात येतो त्या गटाचा, पसारा खरा वाढला तो 5.6 कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वी झपाट्याने तापली आणि जंगलं पार उत्तरेपर्यंत गेली तेव्हा. टीलहार्डिना हा चिमुकला प्रायमेट चीन, बेल्जियम आणि अमेरिकेतलं वायोमिंग, तिन्हीकडे मिळतो, म्हणजे झाडाझाडांवरून खंड ओलांडले असणार. चीनच्याच आर्किसेबसचं वजन जेमतेम 20-30 ग्रॅम, अंग टार्सिअर या मोठ्या डोळ्यांच्या छोट्या प्रायमेटसारखं पण टाच मात्र माकडाची. आणि आपल्या गुजरातमधली वस्तानची लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाण विसरून कसं चालेल, तिथे प्रायमेटची 5.4 कोटी वर्षांपूर्वीची हातापायांची हाडं मिळालीत, लेमूरची शाखा आणि माकडांची शाखा नुकत्याच वेगळ्या झाल्या तेव्हा शरीर कसं असेल याचा इतका जवळचा पुरावा क्वचितच मिळतो.

पण आफ्रिकेतलं माकड पेरूत पोचायचं तर मधे अटलांटिक, त्याचं काय? तिथे तर जंगल नव्हतं, नुसतं पाणी. साधारण 3 ते 3.5 कोटी वर्षांपूर्वी हा समुद्र आजच्यापेक्षा अरुंद होता, तरी हजार किमीहून जास्तच. सगळ्यात पटणारं उत्तर म्हणजे वादळात नदीचा काठ झाडांसकट तुटून वाहत जातो, त्या तराफ्यावर माकडं अडकली, फळं-पानं खात तगली आणि पलीकडे लागली. गिनीपिगचे पूर्वजही असेच आफ्रिकेतून आले असं मानतात.

आणि याच सांता रोसामध्ये आधी पेरुपिथेकस नावाचं दुसरं माकड मिळालं होतं, ते वेगळ्याच घराण्यातलं, आजच्या दक्षिण अमेरिकी माकडांच्या जवळचं. म्हणजे हा प्रवास एकदा नाही, निदान दोनदा झाला.