विद्युत रोध वितळजोडकाम आणि धातूंची दुरुस्ती

धातूचे दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबून धरायचे आणि त्यांच्यातून क्षणभर प्रचंड विद्युत प्रवाह सोडायचा. ते जिथे टेकलेले असतात तिथेच उष्णता निर्माण होते, धातू मऊ पडतो किंवा वितळतो आणि दाबाखाली सांधा बसतो. या पद्धतीला विद्युत रोध वितळजोडकाम किंवा रेझिस्टन्स वेल्डिंग म्हणतात. तिला ज्योत लागत नाही, विद्युत प्रज्योत (आर्क) लागत नाही आणि भर घालायला वेल्डिंगची कांडीही लागत नाही. मोटारींचे सांगाडे, पत्र्याचे डबे, तारांच्या जाळ्या, रेल्वेचे लांब रूळ आणि बॅटरीतील पट्ट्या अशा अनेक वस्तूंत हे सांधे असतात. एकसारख्या वस्तू हजारोंनी घडवण्यासाठी ही पद्धत जितकी सोयीची, तितकीच मोडलेली वस्तू सांधताना ती अडचणीची ठरते. त्यामुळे धातूच्या दुरुस्तीच्या पद्धती बराच काळ वेगळ्या वाटेने वाढल्या आणि रोध जोडकाम त्या क्षेत्रात उशिरा शिरले.

तत्त्व. वाहकातून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते. तिचे प्रमाण प्रवाहाचा वर्ग, रोध आणि काल यांच्या गुणाकाराइतके असते. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, म्हणून येथे विद्युत दाब काही व्होल्टचाच, पण प्रवाह हजारो अँपिअरचा ठेवतात. एक मिलिमीटर जाडीचे साध्या पोलादाचे दोन पत्रे ठिपक्याने जोडायचे असतील तर साधारण ८ ते १० हजार अँपिअर प्रवाह, २ ते ३ किलोन्यूटन यांत्रिक दाब आणि पाव सेकंदाहून कमी वेळ पुरतो. पत्र्यांच्या मध्ये वितळून पुन्हा गोठलेल्या धातूची छोटी टिकली तयार होते. तिचा व्यास पत्र्याच्या जाडीच्या (मिलिमीटरमधील) वर्गमुळाच्या पाचपट असावा, असा एक प्रचलित ठोकताळा आहे. म्हणजे एक मिलिमीटरच्या पत्र्यासाठी सुमारे ५ मिलिमीटर.

उष्णता नेमकी आतच का होते, याचे उत्तर रोधाच्या वाटणीत आहे. दोन पत्रे डोळ्याला सपाट दिसले तरी प्रत्यक्षात ते मोजक्या उंचवट्यांवर टेकलेले असतात, त्यामुळे त्यांच्या मधल्या पृष्ठावर रोध सर्वांत जास्त असतो. बाहेरून दाबणारी टोके तांब्याच्या मिश्रधातूची आणि आतून पाण्याने थंड केलेली असतात. ती प्रवाह सहज जाऊ देतात आणि पत्र्याच्या बाहेरच्या बाजूची उष्णता ओढून घेतात. इथे एक पेच आहे. दाब वाढवला की उंचवटे चेपतात, रोध घटतो आणि उष्णता कमी होते. दाब कमी ठेवला की वितळलेला धातू ठिणग्यांच्या फवाऱ्यासारखा बाहेर उडतो आणि सांधा पोकळ राहतो. प्रवाह, दाब आणि काल ही तीन परिमाणे एकमेकांशी अशी बांधलेली असल्याने एक बदलले की उरलेली दोन पुन्हा जुळवावी लागतात.

शोधाचा इतिहास. प्रवाहामुळे होणाऱ्या उष्णतेचा नियम जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १८५६ मध्ये त्यांनी तारांचा जुडगा विद्युत प्रवाहाने तापवून सांधून दाखवला, पण त्या काळी एवढा प्रवाह पुरवणारे सोयीचे साधनच नव्हते. उद्योगाला उपयोगी पडेल असा शोध एलिहू टॉमसन यांच्या नावावर आहे. फिलाडेल्फियातील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये १८७६-७७ च्या सुमारास ते विजेवर व्याख्याने देत होते. एका प्रयोगात त्यांनी लेडन बरण्यांत साठवलेला विद्युत भार प्रवर्तन वेटोळ्याच्या बारीक तारेतून सोडला, तेव्हा त्याच वेटोळ्याच्या जाड तारेची एकमेकांना टेकलेली टोके चिकटून बसली. अशा चिकटण्याकडे बिघाड म्हणून पाहणे सोपे होते. टॉमसन यांनी ते लक्षात ठेवले आणि काही वर्षांनी त्यासाठी खास रोहित्र तयार केले. त्यात एका बाजूला बारीक तारेचे पुष्कळ वेढे आणि दुसऱ्या बाजूला जाड तांब्याचा जेमतेम एखादा वेढा होता. त्यामुळे व्होल्टता घटून प्रवाह प्रचंड वाढे. त्यांना १८८६ मध्ये पेटंट मिळाले आणि दोन वर्षांनी हे तंत्र विकण्यासाठी कंपनीही उभी राहिली. त्यांच्या नावावरील पेटंटांची एकूण संख्या सुमारे ७०० आहे.

टॉमसन यांची मूळ पद्धत टोकाला टोक भिडवण्याची होती. तारा, सळ्या, साखळीच्या कड्या आणि चाकांच्या धावा यांना ती उत्तम लागू पडे. एकावर एक ठेवलेले पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडण्याची कल्पना नंतर रुजली, आणि ती कोणाची यावरून न्यायालयात मोठी झुंज झाली. हार्माटा या संशोधकाने १९०३ मध्ये केलेल्या अर्जावर १९१२ मध्ये पेटंट मंजूर झाले. त्याचे हक्क टॉमसन यांच्या नावाने चाललेल्या कंपनीकडे होते आणि तिने ठिपकेजोड वापरणाऱ्या उत्पादकांवर दावे लावले. एका अपील न्यायालयाने पेटंट ग्राह्य धरले. फोर्ड मोटर कंपनीविरुद्धच्या दाव्यात मात्र दुसऱ्या अपील न्यायालयाने ते अग्राह्य ठरवले. अखेर १९२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फोर्डच्या बाजूचा निकाल कायम केला. जोडायची जागा बदलणे हा नवा शोध की जाणत्या कारागिराला सुचावी अशी सुधारणा, हा वादाचा गाभा होता. पेटंट टिकले असते तर पत्र्याची मोटार बनवणाऱ्या प्रत्येकाला ठिपक्यासाठी परवाना घ्यावा लागला असता, हे लक्षात घेतले की या निकालाचे वजन कळते.

यानंतरची खरी झेप कालावर ताबा मिळवण्यात आहे, आणि तिची चर्चा टॉमसन यांच्या मानाने फारच कमी होते. सुरुवातीच्या यंत्रांत प्रवाह किती वेळ वाहू द्यायचा हे कामगाराच्या पायाखालच्या खटक्यावर अवलंबून असे. साध्या पोलादाला ते चालून जाई, स्टेनलेस पोलादाला नाही. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले पोलाद साधारण ४२५ ते ८७० अंश सेल्सिअस या पट्ट्यात रेंगाळले की त्यातील क्रोमियम कार्बनशी संयोग पावून कणांच्या सीमांवर साचते. मग तिथला गंजरोध नाहीसा होतो. अमेरिकेतील बड कंपनीचे अभियंते अर्ल रॅग्सडेल यांनी यावर काढलेला मार्ग सरळ होता: प्रवाह जबरदस्त आणि वेळ इतका थोडा, की क्रोमियमला हलायला अवधीच मिळू नये. शॉटवेल्ड नावाच्या या प्रक्रियेने कंपनीने १९३१ मध्ये स्टेनलेस पोलादाचे बीबी-१ हे छोटे विमान बांधले आणि १९३४ मध्ये पायोनियर झेफर ही आगगाडी. त्या वर्षी २६ मे रोजी ही गाडी डेन्व्हरहून शिकागोला सुमारे १३ तासांत पोचली. विमान पुढे फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या आवारात मांडण्यात आले, म्हणजे टॉमसन यांच्या व्याख्यानांशी ज्या संस्थेचे नाव जोडलेले आहे तिच्याच दारात. त्याच दशकात वेस्टिंगहाउसमधील जोसेफ स्लेपियन यांनी विकसित केलेली इग्निट्रॉन ही पाऱ्याची नळी वेल्डिंग यंत्रांत आली आणि प्रचंड प्रवाह ठरलेल्या आवर्तनांपुरता चालू-बंद करणे शक्य झाले. तिची जागा पुढे अर्धवाहकांनी घेतली. आताची यंत्रे बहुधा १,००० हर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या इन्व्हर्टरची असून त्यांत प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागात सुधारता येतो.

प्रकार. ठिपक्याऐवजी तांब्याची चाके फिरवून सलग शिवण घालता येते. डब्यांच्या उभ्या शिवणी आणि इंधनाच्या टाक्या अशा बनतात. पत्र्यावर आधीच उंचवटे काढून प्रवाह तिथे एकवटणे, ही नट व खुंट्या बसवण्याची रीत. टोके किंचित दूर ठेवून ठिणग्या उडवत तापवायची आणि मग जोराने ठोसून भिडवायची, या प्रकाराने रूळ जोडले जातात.

सामग्रीच्या अडचणी. जस्त चढवलेला पत्रा हा ठिपकेजोडाचा मोठा शत्रू. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते आणि टोकाच्या तांब्यात शिरून पितळ बनवते. टोक पसरते, प्रवाह विखुरतो आणि काही शे ठिपक्यांतच सांधे कच्चे येऊ लागतात. म्हणून टोके ठरावीक काळाने कापून पुन्हा आकारात आणावी लागतात. ॲल्युमिनियमची अडचण उलटी आहे. ते स्वतःच उत्तम वाहक असल्याने त्यात उष्णता धरून ठेवणे कठीण. पोलादाच्या दोन-तीन पट प्रवाह लागतो आणि पृष्ठावरचा ऑक्साइडचा थर प्रत्येक ठिपक्याला वेगळा रोध देतो.

दुरुस्तीच्या पद्धती. मोडलेल्या भागाची जाडी कमी-जास्त असते, त्यावर गंज आणि तेल असते आणि बहुधा एकाच बाजूने हात पोचतो. दोन्ही बाजूंनी चिमटा लावू पाहणाऱ्या यंत्राला यातले काहीच मानवत नाही. त्यामुळे दुरुस्तीचे जुने मोठे शोध दुसऱ्या कुळातले आहेत. निकोलाय स्लाव्यानोव यांनी १८८८ मध्ये धातूच्या वितळत्या कांडीने प्रज्योत जोडकाम करून यंत्रांचे झिजलेले व तुटलेले भाग भरून काढले. हान्स गोल्डश्मिट यांची ॲल्युमिनियम व लोहऑक्साइड यांच्या अभिक्रियेवर आधारलेली थर्माइट पद्धत १८९५ ची. रूळ जागेवर सांधण्यासाठी ती आजही वापरतात. झिजलेल्या दांड्यावर वितळलेला धातू फवारण्याचे तंत्र झुरिकच्या माक्स शूप यांनी १९१० च्या सुमारास उभे केले.

दुरुस्तीत सर्वांत कठीण धातू म्हणजे बीड (ओतीव लोखंड). त्यात कार्बन भरपूर आणि लवचिकपणा जवळजवळ नाही. एका जागी तापवले की आकुंचनाने शेजारी नवा तडा जातो, शिवाय जोडालगतचा भाग काचेसारखा कडक होतो. तरीही १९१७ मध्ये मोठे काम झाले. अमेरिकी बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांची इंजिने त्यांच्याच खलाशांनी फोडून ठेवली होती. युद्धात उतरल्यावर अमेरिकेने सुमारे शंभर जहाजे ताब्यात घेतली, आणि फुटलेले बिडाचे सिलिंडर नव्याने ओतण्याऐवजी अनेक ठिकाणी प्रज्योत जोडकामाने जागेवरच दुरुस्त केले. त्यानंतर या तंत्राबद्दल जहाजबांधणीतला अविश्वास झपाट्याने ओसरला. उष्णताच टाळायची ही दुसरी दिशा. टेक्सासच्या तेलक्षेत्रांत, जिथे ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण, तिथे लॉरेन्स स्कॉट यांनी १९३० च्या दशकात तड्याला आडव्या खाचा पाडून त्यांत धातूच्या कड्या ठोकून बसवण्याची पद्धत काढली. तडा जणू टाके घालून शिवला जातो. इंजिनांचे ठोकळे आणि मोठ्या दाबयंत्रांच्या चौकटी अशाने वाचवता येतात.

रोध जोडकाम दुरुस्तीत शिरले ते पत्राकामाच्या दारातून. मोटारीच्या पत्र्याला पोचा पडला आणि मागून हात जात नसेल, तर बाहेरून छोट्या चकत्या किंवा खुंट्या क्षणात चिकटवतात, त्यांना आकडा लावून पोचा ओढतात आणि मग त्या पिळून तोडतात. ताणला गेलेला पत्रा कार्बनच्या टोकाने ठिपक्यापुरता तापवून लगेच थंड केला की आवळतो. खराब पत्रा काढताना कारखान्यातले जुने ठिपके पोकळ कटरने एकेक कापावे लागतात. नवा पत्रा बसवताना जिथे चिमटा पोचत नाही तिथे भोक पाडून ते वेल्डिंगने भरणे हाच पर्याय उरतो. मात्र आधुनिक सांगाड्यांतील बोरॉनयुक्त कडक पोलाद जास्त तापले तर बळ गमावते. त्यामुळे अशा भागांसाठी छोटे उष्णक्षेत्र ठेवणारी इन्व्हर्टर ठिपकेयंत्रे दुरुस्तीच्या कार्यशाळांतही आली. झिजलेल्या दांड्यांसाठी सोव्हिएत संघात वेगळी रीत वाढली: दांडा फिरवत ठेवायचा, त्यावर पोलादी पट्टी, तार किंवा भुकटी तांब्याच्या चाकाने दाबायची आणि प्रवाहाचे झटके देत एकावर एक ठिपके बसवत जायचे. मूळ धातू फारसा तापत नाही, त्यामुळे दांडा वाकत नाही. साच्यांवरचे बारीक खड्डे पातळ पत्री किंवा धातूची लुगदी ठेवून अशाच झटक्यांनी भरतात. आज धातुदुरुस्तीत या पद्धतीची सर्वांत स्वाभाविक जागा हीच म्हणता येईल, कारण इथे भर थोडी हवी असते आणि उष्णता त्याहून थोडी.

तपासणी. ठिपक्याचा सांधा दोन पत्र्यांच्या आत दडलेला असतो. बाहेर गोल वण सुरेख दिसतो आणि आत पत्रे नुसते चिकटलेले असू शकतात. कारखान्यात श्रवणातीत ध्वनीची तपासणी आणि दर ठिपक्याच्या रोधाची नोंद उपलब्ध असते. कार्यशाळेत हे बहुधा नसते. तिथे मूळ कामाला हात लावण्यापूर्वी त्याच जाडीच्या व त्याच लेपाच्या पत्र्यांच्या तुकड्यांवर ठिपका मारतात आणि ते तुकडे एकमेकांपासून सोलून काढतात. एका पत्र्याला भोक पडून टिकली दुसऱ्यावर राहिली तर यंत्राची जुळणी योग्य मानतात. पत्रे स्वच्छ सुटे झाले तर प्रवाह, दाब आणि काल पुन्हा लावून नवा तुकडा घ्यावा लागतो.