खान्देशच्या उन्हात कोकम

रावेर-यावलच्या केळीबागांत घड उतरवणाऱ्या मजुराचा सदरा भर दुपारी नीट पाहा. तो फारसा ओला दिसत नाही, पण पाठीवर आणि काखेखाली पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. ते घामातलं मीठ. त्यातलं पाणी केव्हाच उडून गेलेलं असतं. त्याच वेळी रत्नागिरीच्या बाजारात उभा असलेला माणूस निथळत असतो. आपल्याला घाम आला हे त्याला कोणी सांगावं लागत नाही.

म्हणूनच कोकम सरबत खान्देशात करायचं तर कोकणातली कृती जशीच्या तशी उचलू नये, असं मला वाटतं. इथली हवा वेगळी आहे, आणि पाणीही वेगळं आहे.

आधी हवेचं पाहू. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. आपल्या त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे वारा अंगावर आला तरी तो निववत नाही, उलट तापवतो. अशा वेळी शरीराला उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणं. लिटरभर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दमट हवेत बराच घाम नुसता ओघळतो, आणि ओघळलेल्या घामाने अंग निवत नाही. खान्देशच्या कोरड्या हवेत तो लगेच वाळतो, म्हणून काम चोख होतं. पण किती पाणी गेलं याचा अंदाज येत नाही. शिवाय लिटरभर घामाबरोबर साधारण १ ते ३ ग्रॅम मीठही जातं, माणसागणिक कमीजास्त.

ही भर नुसत्या पाण्याने पुरी होत नाही. आपल्या लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेतं, आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आजच्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं (शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेटचे क्षार). आता साखरेचं गणित बघा. साखरेचा रेणू पचताना ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असा फुटतो. म्हणजे लिटरभर सरबतात ३० ग्रॅम साखर घातली की त्यातून साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज मिळतं. जवळपास तेवढंच!

आपण मात्र बाटलीतला गोड अर्क ग्लासात ओततो आणि वर पाणी घालतो. साखर लिटरला १०० ग्रॅमच्या वर गेली की ते द्रावण रक्तापेक्षा दाट होऊ लागतं, आणि आतडं पाणी शोषण्याऐवजी आधी स्वतःचं पाणी त्यात सोडतं. पाहुण्यांसाठी असं सरबत ठीक, पण शेतातून आलेल्या माणसासाठी नाही. त्याच्यासाठी लिटरभर पाण्याला पंधरा-वीस आमसुलं, ३० ग्रॅम साखर, चहाच्या चमच्याचा जेमतेम अर्धा भाग मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, एवढं पुरे. आमसूल खारवलेलं असेल तर चव घेऊन मीठ कमी करा. घरात सावलीला बसलेल्याला जेवणातलं मीठ पुरतं, आणि ज्यांना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये. जुलाब होत असतील तर सरबत नको, ओआरएसच द्यावं.

कोकमाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा. आंबट चवीने लाळ सुटते, म्हणून कोरडं पडलेलं तोंड पहिल्या घोटातच ओलं होतं. हेच आम्ल वजन घटवायच्या गोळ्यांतही विकलं जातं, पण त्याला ठोस आधार नाही. त्या आशेने कोणी कोकम पिऊ नये.

आता पाणी. खान्देशात अनेक गावांत बोअरचं पाणी जड असतं. भांड्यांना पांढरा थर धरतो, डाळ लवकर शिजत नाही. अशा पाण्यात कोकमाचा रंग मळकट, जांभळट उतरतो आणि आंबटपणाही मिळमिळीत लागतो. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो. ती भरपूर आम्लात लाल राहतात, आम्ल कमी झालं की फिकट पडून जांभळ्या-निळ्याकडे झुकतात. जड पाण्यातले बायकार्बोनेट कोकमाचं आम्ल खाऊन टाकतात. वाटीभर सरबतात चिमूटभर खायचा सोडा टाकून हा बदल मुलांना दाखवता येतो, शाळेत शिकवल्या जाणाऱ्या लिटमसपेक्षा तो जास्त लक्षात राहील. उपायही सोपा आहे. पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, निवू द्या आणि वरचं निवळ पाणी ओतून घ्या. उकळल्यावर बायकार्बोनेटचा मोठा भाग चुन्याच्या रूपात तळाशी बसतो. आमसुलं मात्र उकळू नका, गार पाण्यात दोन तास भिजवून हाताने कोळा. उष्णतेने रंग मोडतो. आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका, कळकेल.

गार करायला खान्देशासारखा मुलूख नाही. माठाची मर्यादा हवेतल्या ओलाव्यावर ठरते. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाझरणारं पाणी तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. कोकणात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तेच २८ अंशांवर अडतं. प्रत्यक्षात माठ याच्या थोडा वर राहतो, तरी फरक कायम असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर पुजायची आपली रीत नेमकी त्या दिवसांत येते, जेव्हा मातीचं भांडं सगळ्यांत चांगलं काम करतं. सरबत थेट माठात ओतू नये, साखर छिद्रांत बसून पाझर थांबतो. माठातलं पाणी घेऊन सरबत करावं.

सोलकढीलाही हाच माठ हवा, आणि याचं कारण खोबरेल तेलात आहे. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. नारळाचं दूध म्हणजे तेलाचे बारीक थेंब प्रथिनांच्या आधाराने पाण्यात तरंगत ठेवलेलं मिश्रण. फ्रिजमध्ये ठेवलं की वर आलेले थेंब घट्ट होतात आणि कढीवर चिवट पापुद्रा धरतो. उलट बाजूने, कोकमाचं आम्ल जास्त झालं किंवा कढी तापली की ही प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि कढी फाटते. म्हणून कोकमाचं पाणी थोडं थोडं, ढवळत घालायचं आणि रंग फिका गुलाबी झाला की थांबायचं. नारळाचं दूध खान्देशच्या दुपारी लवकर आंबतं. तेव्हा दूध सकाळी काढून ठेवू नका. नारळ ऐन जेवणाच्या आधी वाटा, दूध माठातल्या पाण्याने काढा आणि तासाभरात संपवा.